गच्चीवरची मासळी

"मुळ्ये, आज वास ग्रंथालयात पोचला," प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

आत्माराम मुळ्ये बसले नाहीत. गच्चीवरून दोन जिने उतरून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती, बसायला हवं होतं. पण आपल्या कपड्यांचा वास खुर्चीच्या गादीला लागेल असं वाटून ते खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभेच राहिले. पंच्याऐंशी सालचा मार्च महिना होता. खिडकीबाहेर जांभ्या दगडांचा गडगा उन्हाने नुसता रसरसत होता.

प्राचार्यांनी तक्रारी एकेक करून सांगितल्या. ग्रंथपालांनी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतल्या होत्या. बी.ए.च्या काही मुली नाकाला रुमाल लावून वर्गातून निघून गेल्या होत्या. सकाळी संस्थेचे एक विश्वस्त येऊन गेले, त्यांनी तर कुठे काही मेलंय का ते बघायला शिपायाला पिटाळलं होतं. हे सगळं सांगताना प्राचार्यांचा आवाज चढला नाही. उलट ते थोडे ओशाळल्यासारखे दिसत होते.

"मी स्वतः खातो, मुळ्ये. घरी आज बांगडाच आहे. प्रश्न माझा नाही."

मग प्रश्न कोणाचा, हे मुळ्यांनी विचारलं नाही. एकाच कॉलेजात केस पिकले की माणसाला एवढं कळतं, की काही प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना ठाऊक असतात आणि म्हणूनच ते विचारायचे नसतात.

पुढच्या आठवड्यात मुंबईहून एक समिती यायची होती. जिल्ह्यातल्या एका कॉलेजला उद्योजकता केंद्र मिळणार होतं आणि ते कोणाला द्यायचं हे ती समिती ठरवणार होती. तिला कोकम सरबताच्या बाटल्या दाखवाव्यात, अगरबत्त्या दाखवाव्यात, फिनेल दाखवावं, असं प्राचार्यांचं म्हणणं होतं. मासळी तेवढी संध्याकाळच्या आत गच्चीवरून हलवावी.

"कुठे हलवू?" मुळ्ये म्हणाले.

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "ते तुम्ही बघा."

उद्योजकता मंडळ मुळ्यांच्या गळ्यात पडलं होतं ते एका तापामुळे. विद्यार्थ्यांनी नुसत्या नोकऱ्या मागत फिरू नये, स्वतःचे उद्योग काढावेत, नवं काही शोधावं, म्हणून कॉलेजांनी मंडळं स्थापन करावीत असं वरून आलं. मंडळाचा प्रमुख ठरवायची सभा होती त्या दिवशी मुळ्ये तापाने घरी पडून होते. हजर असलेल्या प्रत्येकाने आपापली अडचण सांगितली. गैरहजर माणसाची अडचण सांगायला कोणी नव्हतं.

सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. घराण्यात धंदा कोणी केला नव्हता. वडील भिक्षुकी करीत, थोरला भाऊ पोस्टात होता. पण अंगावर आलेलं काम नीट करायचं, ही त्यांना लहानपणापासूनची खोड. त्यांनी बँकेच्या मॅनेजरांचं भाषण ठेवलं. मुलांना पालीला एका काजूच्या कारखान्यात नेलं, हातखंब्याला ट्रकांच्या गॅरेजात नेलं. मुलं तिठ्यावर भजी खाऊन परत आली. प्रयोगशाळेत फिनेल केलं. ते कॉलेजच्याच संडासांत वापरलं गेलं. पुढे काय करणार असं विचारलं, की एकच उत्तर मिळे: मुंबईला काका आहे, मामा आहे, भाऊ आहे, बघू. मुळ्यांना त्या मुलांचा राग येत नसे. ज्या गावातून दर घरचा एक माणूस मुंबईला पोचलेला, तिथल्या पोराला इथेच राहा म्हणून सांगणारे आपण कोण, असंच त्यांना वाटे. तरी ते दर शनिवारी दुपारी मंडळाची बैठक घेत. कधी आठ-दहा जण येत, कधी कोणीच येत नसे.

मैना खडपे या बैठकीला पहिल्यांदा आली ती मैत्रिणीबरोबर. मैत्रीण पुढे यायची थांबली, मैना येत राहिली. ती राजापूर तालुक्यातल्या नाटे गावची. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आई येसूबाई मासळी सुकवून विकणारी. रत्नागिरीत मावशीकडे राहून ती बी.एस्सी. करीत होती. एका शनिवारी फिनेलला गिऱ्हाईक कसं मिळवावं यावर मुळ्ये बोलत असताना ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडे फिनेल कोण घेणार? मासळीचं काय करता येईल का?"

वर्गात हशा पिकला. मुळ्ये हसले नाहीत. मासळीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तिलाच सांगायला लावलं. मैनाने सांगितलं, की किनाऱ्यावर मासळी वाळूतच पसरतात. वाळू आत शिरते, माश्या बसतात, कुत्रे तोंड घालतात. पावसाच्या तोंडावर नीट न वाळलेल्या मालाला अळी पडते आणि मग व्यापारी तो खताच्या भावाने उचलतो. आई वर्षभर राबते आणि तिचा निम्मा माल आंब्याच्या कलमांना खत म्हणून जातो. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. परीक्षेत उत्तर लिहावं तशी ती बोलत होती.

त्या उन्हाळ्यात दोघांनी गच्चीवर काम सुरू केलं. बांबूच्या चौकटी केल्या आणि त्यांवर फाटक्या जाळ्यांचे तुकडे ताणून बसवले. खाली काळा रंग दिलेला पत्रा, वर प्लास्टिकचा कागद. मिठाचं पाणी किती कडक असावं, हे मुळ्ये प्रयोगशाळेतल्या तराजूवर वजनं करून ठरवीत. सुरुवातीला त्यांनी प्लास्टिक चारी बाजूंनी घट्ट आवळलं, तर आतले बांगडे वाळायच्या ऐवजी शिजले. तो वास मात्र खरोखरच भयंकर होता. मग खालून हवा आत यायला आणि वरून बाहेर पडायला फटी ठेवल्या. ढोमीसारखी बारीक मासळी दोन दिवसांत कडक वाळायला लागली.

त्यांनी एक पुडी सील करून रसायनशास्त्राच्या कपाटात ठेवली आणि सगळा पावसाळा जाऊ दिला. गणपती झाल्यावर ती फोडली. बुरशी नव्हती, अळी नव्हती. मैनाने एक तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मुळ्ये खात नसल्यामुळे त्यांना चवीचं काही कळणार नव्हतं. पण तिच्या पाठीकडे बघून त्यांना जे कळायचं ते कळलं.

आता ती तिसऱ्या वर्षाला होती. चौकटींची संख्या वाढली होती, म्हणून वासही वाढला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी एका हातगाडीवर चौकटी घालून त्या आपल्या घरामागच्या परसात आणल्या. घर भाड्याचं होतं, ब्राह्मण आळीतलं. मैना गाडीबरोबर चालत आली आणि फाटकाबाहेरच थांबली.

मुळ्यांच्या पत्नी कमळाबाई मागच्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"हे आता घरी का आणलंत?" त्यांनी विचारलं.

मुळ्यांनी सांगितलं. गेलं वर्षभर त्या नवऱ्याचे कपडे वेगळ्या बादलीत, न्हाणीघराबाहेर भिजवत होत्या. शेजारणींनी त्यावरून विचारलं तेव्हा प्रयोगशाळेतली रसायनं असतात असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली होती. आता परसात मासळी वाळत पडल्यावर तेही सांगता येणार नव्हतं.

"मालकांना काय सांगणार?"

"समिती येऊन जाईपर्यंतच आहे म्हणून सांगेन."

"आणि समिती गेल्यावर?"

मुळ्ये हातगाडीवरून चौकट उतरवू लागले. कमळाबाईंनी फाटकाकडे पाहिलं. "ती पोर बाहेर कशाला उभी आहे? तिला आत बोलवा, पाणी तरी देत्ये."

पुढचे दिवस कठीण गेले. घरमालक येऊन दोनदा बोलून गेले, तिसऱ्यांदा त्यांनी मुलाला पाठवलं. हळदीकुंकवाला कमळाबाईंना बोलावणं आलं नाही. मात्र एका दुपारी मुळ्ये कॉलेजातून लवकर घरी आले, तर बायको परसात माडाच्या सावलीला पाट टाकून बसलेली. एका हाताने पदर नाकाला लावलेला, दुसऱ्या हातात काठी, आणि नजर कावळ्यांवर. नवऱ्याला पाहून त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात ना, मग बसा इथे. मी जरा पडत्ये." आणि काठी त्यांच्या हातात देऊन आत गेल्या.

समिती आली त्या दिवशी कॉलेजात रांगोळी होती. तिघे जण होते. मधले, वयाने मोठे, मूळचे मालवणकडचे असावेत. निदान बोलण्यावरून तसं वाटत होतं. प्राचार्यांनी संस्थेच्या इतिहासावर भाषण केलं. टेबलावर कोकमाच्या बाटल्या रांगेने मांडल्या होत्या. शेवटी, कोपऱ्यात, मैना आपल्या पुड्या घेऊन उभी होती. पुड्या बंद होत्या, वास नव्हता, म्हणून प्राचार्यांनी एवढी परवानगी दिली होती. परसातल्या चौकटी मात्र दाखवायच्या नाहीत असं ठरलं होतं.

मोठ्या साहेबांनी एक पुडी उचलून उजेडात धरली. हे कसं केलं म्हणून विचारलं. मैनाने सांगितलं, चौकटी, जाळी, मीठ, फटी. सांगता सांगता ती थांबली, तिने मुळ्यांकडे पाहिलं, आणि मुळ्ये म्हणाले, "सर, चौकटी माझ्या घरी आहेत. जवळच आहे. बघायला येता का?"

प्राचार्यांनी खाली पाहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चला म्हणाले.

अशा रीतीने मुंबईची समिती ब्राह्मण आळीतून चालत मुळ्यांच्या परसात गेली. दारादारांत माणसं उभी होती. साहेबांनी वाकून चौकटीखाली हात घातला, पत्रा किती तापलाय ते बघितलं, फटीजवळ तळवा धरून हवा बघितली. मग मैनाला म्हणाले, "शिकलीस की नोकरी बघशील. हे कोण करणार?"

"मी करणार," मैना म्हणाली. "आई आहे, शेजारच्या बायका आहेत. जागा आहे. नोकरी कशाला बघू?"

साहेब खूश झाले. त्यांनी मुळ्यांचा हात हातात घेतला आणि आम्हाला हेच पाहिजे असं म्हणाले. कमळाबाईंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. निघताना प्राचार्य मुळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की तुम्ही जिंकलात. त्या रात्री मुळ्यांना गाढ झोप लागली.

केंद्र कॉलेजला मिळालं. ही बातमी दिवाळीच्या सुट्टीनंतर आली आणि तिच्याबरोबर केंद्रात काय असावं हेही आलं. मधले साहेब दुसऱ्या खात्यात बदलून गेले होते. नव्या लोकांच्या मते पुढचं युग संगणकाचं होतं. रसायनशास्त्राशेजारची खोली रंगवली गेली, खिडक्यांना जाड पडदे लागले, थंड हवेचं यंत्र बसलं. दोन संगणक आले. खोलीत धूळ चालणार नव्हती, दमट हवा चालणार नव्हती; चपला दाराबाहेर काढून आत जायचं. केंद्राचा प्रमुख म्हणून गणिताच्या एका तरुण प्राध्यापकाची नेमणूक झाली. तो मुलगा हुशार होता आणि मुळ्यांशी आदराने वागला. जुन्या मंडळाचं काम पुढे कसं चालू ठेवायचं, असं त्याने विचारलंसुद्धा. मुळ्ये म्हणाले, की आता राहू दे.

आपल्याला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात शनिवारी दुपारी घरी जाऊन पडता येतं, जिने चढावे लागत नाहीत, याचं त्यांना बरं वाटलं. वाईट वाटलं ते या बरं वाटण्याचं.

चौकटी मैनाने उन्हाळ्यातच एका टेंपोतून नाट्याला नेल्या होत्या. परीक्षा झाली, निकाल लागला, ती दुसऱ्या वर्गात पास झाली. मग वर्षभर तिची काही खबर नव्हती. शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये एका सकाळी ती मुळ्यांच्या दारात आली. अंगावर नवी साडी होती, हातात पेढ्यांचा पुडा. कमळाबाईंनी तिला ओटीवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

मैनाचं लग्न ठरलं होतं. मुलगा मुंबईला गोदीत होता. तिच्या भावाने तिच्यासाठी एका कंपनीच्या कचेरीत नोकरीही बघितली होती, बी.एस्सी. म्हणून चटकन मिळाली. गावात तिने वर्षभर केलं होतं. माल चांगला निघाला. पण बँकेने कर्जाला वडिलांची किंवा नवऱ्याची सही मागितली. वडील सदा बोटीवर, नवरा नव्हता. पुड्यांना शहरात दुकानदार मिळत. ते एकदा घेत, दुसऱ्यांदा बाजारातली स्वस्त मासळी घेत. आणि शेजारणी म्हणत, की हेच करायचं होतं तर कॉलेजात कशाला गेली? हे सगळं तिने खाली मान घालून, थांबत थांबत सांगितलं.

मुळ्ये ऐकत राहिले. तुझं चांगलं होईल, असं ते म्हणाले. मुंबईला हवा दमट असते, प्रकृतीला जप, असंही म्हणाले.

"सर, तुम्ही रागावला नाहीत?"

"नाही ग. रागावण्यासारखं काय आहे?"

मैनाने पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "रागावायला हवं होतं तुम्ही."

कमळाबाई चहा घेऊन आल्या. तिने चहा घेतला, दोघांना वाकून नमस्कार केला आणि गेली. मुळ्ये ओटीवरच बसून राहिले. पेढ्यांचा पुडा त्यांच्या मांडीवर होता. कमळाबाईंनी तो उचलून आत नेला, तेव्हा त्यांना कळलं की चहा आपण घेतलाच नाही.

ते निवृत्त झाले त्याला वर्ष होत आलं, तेव्हा राजापूरला त्यांच्या भाच्याच्या मुलाची मुंज होती. कमळाबाईंचे गुडघे धरले होते म्हणून ते एकटेच गेले. मुंज झाली, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीच्या गाडीसाठी ते स्टँडवर आले, तर समोर नाट्याची गाडी लागलेली. त्यांनी फार विचार केला नाही. चढले.

नाट्याला खडप्यांचं घर विचारत ते बंदराकडे उतरले. घरासमोरच्या खळ्यात चार बायका काम करीत होत्या. आणि चौकटी होत्या. गच्चीवरच्या त्या जुन्या नव्हत्या. पोफळीच्या कामट्यांच्या केलेल्या, त्याहून लांब, कमरेएवढ्या उंचीवर बसवलेल्या. प्लास्टिक नव्हतं, काळा पत्राही नव्हता. तो महाग पडला असणार. पण जाळं ताणलेलं होतं, खालून वारा खेळत होता आणि ढोमी त्यावर एका ओळीत पसरलेली होती. पलीकडच्या खळ्यातही तसंच. त्याच्या पुढच्याही.

येसूबाई पुढे आली. सुकलेली, ताठ बाई. हे कोण ते तिला सांगावं लागलं. मग तिने घाईघाईने हात धुतले, आतून खुर्ची आणवली. मैना बरी आहे, मुलगा झाला, म्हणाली. गणपतीला येते. तुमी मासळी खात नाय, तर शहाळं तरी घ्यावा, म्हणाली. शहाळं फोडलं गेलं. मुळ्ये ते पीत असताना एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन आली आणि टोपली कुठे उतरवायची म्हणून बघू लागली.

"खाली नको गो," येसूबाई तिला म्हणाली. "कॉलेजावर घाल."

म्हातारीने टोपलीतली मासळी चौकटीवर पसरायला सुरुवात केली.

मुळ्यांना आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. त्यांनी विचारलं. येसूबाई थोडी लाजली. "आमी ह्याला कॉलेज म्हणताव. मैनान आणलान ना कॉलेजातना, तेवापासून. आता सगळी तेच म्हणतत." पलीकडच्या खळ्याकडे हात करून ती म्हणाली, "तिकडं सगुणाकडं दोन कॉलेजा हयत."

मुळ्यांनी शहाळं संपवलं. काही विचारायचं होतं ते त्यांना आठवेना. अळी पडते का, एवढंच त्यांनी विचारलं. कमी पडते, येसूबाई म्हणाली. अगदी पडत नाय असा नाय.

निघताना तिने सुक्या मासळीचं एक गाठोडं बांधून त्यांच्या हातात दिलं. वर केळीचं पान, त्यावर जुन्या लुगड्याचं फडकं. सर खात नाहीत हे ती विसरली नव्हती, पण दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं कसं? कोणालातरी द्या, म्हणाली. मुळ्यांनी ते घेतलं.

परतीच्या गाडीत त्यांना पुढे जागा मिळाली. पांढरा स्वच्छ सदरा, धोतर, काळी टोपी. कंडक्टरने स्वतःच एका पोराला उठवून त्यांना खिडकीशी बसवलं. गाडी चढ चढून वरच्या सपाट सड्यावर आली तसा कोणीतरी वास येतोय म्हणून कुरकुरला. कंडक्टर उठला आणि मागच्या बाकावर बसलेल्या, मासळी विकणाऱ्या खारवणींकडे वळून मोठ्याने म्हणाला, की सुकी मासळी आत आणू नका म्हणून किती वेळा सांगायचं, आता उचला ती आणि टपावर टाका. आमच्याकडे काही नाही, टोपल्या रिकाम्या आहेत, असं बायका सांगत होत्या. त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

"अहो, ती माझी आहे," मुळ्ये म्हणाले.

कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं. त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुमची काय? मग असू द्या, काका. बसा तुम्ही."

कुरकुरणारा माणूस बाहेर बघू लागला. मुळ्ये गाठोडं उचलून उठले आणि हलत्या गाडीत बाकांना धरत धरत मागे गेले. एका खारवणीने आपली टोपली पायांत ओढून जागा केली. ते तिच्याशेजारी बसले, गाठोडं मांडीवर घेतलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून राजापूर येईपर्यंत तसेच बसून राहिले.